डब्यात कोंडलेला आलेलुया

पौड, ता. मुळशी
१० मार्च २०२५

पयली आली ती राजाबाई. तिच्या मागनं तिची दोन कुत्री, मंग चर्चचे बापूसाहेब मास्तर टोपी हातात धरून, आन् सगळ्यात शेवटी म्हसू. म्हंजे बघ ज्ञानू, मेंढी गेली म्हसूची, पर तो सगळ्यांच्या मागं आन् त्याची बायको सगळ्यांच्या पुढं. राजाबाई दारातनंच वराडली, "फुलाकाकू, वाघरानं माझी काळी नेली! गाभण व्हती!" मी म्हणलं बस तरी. तर म्हणती, "बसू कशी, पाय लटलट करत्यात." आन् बसली ती बसलीच, दोन कप च्या पिऊन उठली.

तुमच्या मठात नव्या पोरींना फोन देत न्हाईत, त्याचा मला लई आनंद हाय. फोनवर तुझा बाप म्हणतो, "आये, आवर." कागद काय आवर म्हणत न्हाई. सिस्टरांनी रातशाळेत दुसरीपतुर शिकवलं तेवढ्यावर लिहितेय, वाकडंतिकडं गोड मानून घे.

तर म्हसूनं मेंढरं आपल्या चर्चच्या खालच्या पडकात बसवली व्हती. भवती जाळीचं कुंपण, मधी कंदील. पर कुत्री भुकलीच न्हाईत गं. मला तेच कसंतरी वाटतंय. एवढी दांडगी कुत्री, म्हसूनं पहाटं बघितलं तर खाटंखाली अंग चोरून बसलेली, एकमेकाच्या पोटात तोंड खुपसून. बिबट्यानं काळीला वढत नेल्याची रेघ थेट आपल्या डोंगराच्या वाटंनं गेलीया, तुझ्या आजोबांनी लावलेल्या दगडांच्या कडंकडंनं. पयल्या दगडाच्या चुन्याला रगत लागलंय. मास्तरांनी दोनदा धुतलं, तरी लालसर दिसतंय.

आता उपासाचा काळ, दर शुक्रवारी क्रुसाची वाट म्हणायला त्याच वाटंनं वर जायचं. चौदा दगड, दर दगडापाशी गुडघं टेकायचं. तू ल्हान असताना चौथ्यालाच "आजी, उचल" म्हणायचीस. तितंच आता बिबट्याची पावलं दिसत्यात.

आणि एक गंमत सांगायची ऱ्हायली. मास्तरांनी यंदा नवीन काढलंय. उपास सुरू व्हतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिशी पोरांकडनं कागदावर "आलेलुया" लिहून घेतलं, बिस्किटाच्या डब्यात घातलं आन् डबा वेदीखाली ठेवला. ईस्टरपतुर हा आनंदाचा शब्द तोंडातनं काढायचा न्हाई. तसा नेम पयल्यापास्नं हाय, पर मास्तरांनी त्याला डबा केला. मी भांडी घासताना रोज आलेलुयाचंच गाणं म्हणते, आता मधीच जीभ चावते. साखर सोडलीया त्याचं काय वाटत न्हाई, हे गाणं सोडणं लई जड.

तुझी आई उज्वला ठीक. माण गावच्या कंपनीच्या कँटीनात पोळ्या लाटती, दिवस मावळता फाट्यावर उतरती, तितनं सागाच्या रानातनं चालत घरी. तुझा बाप किशोर ट्रक घेऊन नागपूरकडं गेलाय. उज्वला येस्तवर मी दारात उभी ऱ्हाते. काल वाईच उशीर झाला तर मी कोपऱ्यापतुर जाऊन आले. पर तू काळजी करू नको. वनखात्याची माणसं येणार हायेत.

तुझी आजी, फुलाबाई

*

नाशिक
१५ मार्च २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र दुपारी मिळालं. जेवणाआधी वाचलं, जेवतानाही ते खिशात होतं. तू हसत हसत लिहितेस, पण मला फक्त ती गप्प बसलेली कुत्रीच दिसत राहिली.

आजी, आईला त्या रानातून एकटीनं येऊ देऊ नकोस. मी ती वाट विसरलेले नाही. फाट्यावरून निघालं की वीटभट्टीपर्यंत घर असतं, माणूस असतं. मग सागाचा चढ लागतो. तिथे वाळकी पानं एवढी असतात की आपल्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. लहानपणी मी तिथे पळायचे. आई पळणार नाही, तिचं गुडघ्याचं दुखणं मला माहीत आहे. तिला सुट्टी घ्यायला सांग. बाबांना परत बोलाव. आणि शुक्रवारची वाट यंदा चर्चमध्येच म्हणा. देवाला चालेल.

इथे उपवासकाळात आमचं बोलणंही कमी असतं. जेवताना मौन, काम करताना मौन. मौन आवडायला लागेल असं मला वाटलं होतं. आमच्या मदर म्हणाल्या, "या चाळीस दिवसांत आनंद शोधा, तो इथेच कुठेतरी ठेवलेला असतो." मी शोधते आहे. सापडत नाही. आता तर डोळे मिटले की सागाची पानं वाजतात.

लगेच उत्तर पाठव. आईचं सविस्तर लिही.

तुझी ज्ञानू

*

पौड
२२ मार्च २०२५

लाडके ज्ञानू,

वनखात्याची माणसं आली आन् काय सांगू, त्यात एक पोरगी! सृष्टी नाव. खाकी पँट, वेणी, हातात काठी. राजाबाई मला कानात म्हणती, "काकू, ही वाघराला धरणार का वाघरू हिला?" तिनं ऐकलं. म्हणाली, "मावशी, धरायचं न्हाईच. त्याला त्याच्या वाटंनं जाऊ द्यायचं, आपण आपल्या वाटंनं जायचं." तरी पण म्हसूच्या समाधानाला डोंगराखाली पिंजरा लावलाय. आत एक कोंबडी. ती कोंबडी दिवसभर अशी वरडतीया की मला तिचीच जास्त दया येतीया.

सृष्टीनं सगळ्यांना चर्चच्या पायरीवर बसवून सांगितलं. एकटं जायचं न्हाई. गप जायचं न्हाई, बोलत जा, गात जा, ताट वाजवा, मोबाईलवर गाणी लावा. आन् सगळ्यात महत्त्वाचं, रानात खाली वाकायचं न्हाई, बसायचं न्हाई. वाकलेला माणूस त्याला माणूस दिसत न्हाई, चार पायांचं जनावर वाटतं.

मास्तर उभं ऱ्हायलं. म्हणलं, "ताई, आमचा उपासाचा काळ चाललाय. या दिवसात आमी ढोलकीबी बंद ठेवतो. आन् आमच्या वाटंवर चौदा ठिकाणी गुडघं टेकायचं असतंय." सृष्टीनं काठी पायरीला टेकवली. म्हणाली, "मंग घरात टेका." मास्तरांना लई लागलं. घरी जाऊन जेवलं न्हाईत म्हणं. त्यांची बायको म्हणती, तशीबी त्यादिशी वांगी केली व्हती, त्यामुळं नक्की कशानं जेवलं न्हाईत ते काय कळत न्हाई.

चौदा आन् एकवीसच्या शुक्रवारी आमी चर्चमधीच भिंतीवरच्या चित्रांपाशी वाट म्हणली. पर मास्तर कुरकुर करत्यात. दगड तितं उन्हात आन् आमी पंख्याखाली.

एकोणीसला संत जोसेफाचा सण झाला. उपासातला सण, म्हणून मी शिरा केला आन् साखर खाल्ली. राजाबाई म्हणती, "तुमचा उपास लई सोयीचा हाय बाई." मी म्हणलं, तुझ्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, ती गं काय? लई हसलो.

आता आमी रोज दिवस मावळायच्या आत आठ-धा जणं मिळून फाट्यावर जातो, जी कोण बायामाणसं कामावरनं उतरत्यात त्यांना घेऊन येतो. म्हसू कुत्री घेऊन पुढं, मागं मी. पोरं ताटं बडवत्यात. वीटभट्टीपतुर सगळी बडबडत्यात, सागाच्या चढाला लागलं की आपोआप गप व्हत्यात. मंग मी म्हणते, अरं बोला की कुणीतरी! तर कुणाला काय सुचतच न्हाई. भ्यालेल्या माणसाला बोलायला काय सुचत न्हाई, हे मला आत्ता कळलं. परवा एकानं पाढं म्हणायला सुरवात केली.

उज्वला बरी हाय. तू नीट जेव.

तुझी आजी

*

नाशिक
२९ मार्च २०२५

प्रिय आजी,

राजाबाईचं लिहिलंस. पिंजऱ्यातल्या कोंबडीचं लिहिलंस. मास्तरांच्या वांग्यांचंसुद्धा लिहिलंस. आणि आईचे तीन शब्द. "उज्वला बरी हाय."

दर पत्रात तू आईनं काय केलं, काय म्हणाली, कुठली साडी नेसली ते लिहितेस. या पत्रात सगळे फाट्यावर जातात, "जी कोण बायामाणसं" उतरतात त्यांना आणतात. त्या बायकांत आई आहे का? असती तर तू तिचंच नाव आधी लिहिलं असतंस.

काय झालंय? तिला काही लागलंय का? खरं सांग आजी. मी इथे सहन करू शकते. न कळणं सहन होत नाही. काल प्रार्थनेत सगळ्या गुडघ्यावर होत्या आणि मला खाली वाकायचीच भीती वाटली. चॅपेलमध्ये, नाशिकमध्ये! मी मदरना घरी जायची परवानगी मागितली आहे. त्या म्हणाल्या, ईस्टरनंतर बघू. मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे.

ज्ञानदा

*

पौड
६ एप्रिल २०२५

ज्ञानू,

तू पूर्ण नाव लिहिलंस तवाच मला कळलं, पोर रागावली.

तुझ्या आईला कुटंबी लागलेलं न्हाई. हे आधी वाच, आन् मंग पुढचं वाच.

अठरा तारखेच्या सांजला, आमी फाट्यावर जायला लागलो त्याच्या आदी, ती एकटीच येत व्हती. सागाच्या चढाला तिला वाटलं कुणाचं तरी वासरू वाटंत बसलंय. हाक मारायला तोंड उघडलं आन् त्यानं मान वळवली. एवढंच. त्यानं काय केलं न्हाई. बघितलं, आन् उठून गेलं. पर उज्वला घरी आली ती डबा तितंच टाकून. दाराला आतनं कडी, वर पाटा टेकवला, आन् भिंतीला पाठ लावून बसली. मला म्हणाली, "आत्याबाई, ते माझ्याकडं ओळखीचं असल्यागत बघत व्हतं."

त्यादिवसापास्नं ती उंबऱ्याभायेर गेली न्हाई. कामावर न्हाई, नळावर न्हाई, रविवारच्या मिस्साला न्हाई. ताप आला, उतरला. भीती उतरली न्हाई. भांडं पडलं तरी दचकायची. बोलायची ती बारीक आवाजात, कुणी ऐकंल म्हणून. मी दाराशी बसून बडबड करायची, राजाबाईच्या नकला करायची. पयल्यांदा हसायची तरी, मंग तेबी बंद. तुला लिहिलं न्हाई, कारण तू काय करणार व्हतीस? भ्याली असतीस. तशीबी भ्यालीसच म्हणा.

तीस तारखेला एक बरा दिवस गेला. उपासातला आनंदाचा रविवार आन् त्याच दिशी पाडवा! फादर रोहित पुण्याहनं गुलाबी झगा घालून आलं. वर्षातनं दोनदा घालत्यात. सकाळी चर्चला जाताना बघते तर राजाबाईच्या दारात गुडीला गुलाबी साडी. मी म्हणलं, "फादर, बघा, गावानं तुमच्यासारखाच झगा चढवलाय." फादर गुडीकडं बघून असं हसलं की चष्मा काढून पुसायला लागला. मिस्सा झाल्यावर ते घरी आलं, उज्वलापाशी जमिनीवर बसलं, पुरणपोळी खाल्ली. उपदेश एक केला न्हाई. जाताना एवढंच म्हणलं, "उज्वलाताई, भ्यायला परवानगी हाय. एकटीनं भ्यायला न्हाई."

मला ते लई पटलं. आन् तितंच मी शहाणपणा केला. म्हणलं, हिला शुक्रवारी वाटंवर न्यायची. सगळ्यांच्या मधी असली म्हंजे धीर येईल. मास्तर तर वाटच बघत व्हतं. म्हणलं, "दोन आठवडं झालं बिबट्या दिसला न्हाई, यंदा एकतरी शुक्रवार दगडांपाशी जाऊ. पर रीतीनं. ताटं न्हाईत, मोबाईल न्हाईत. मौन." सृष्टीला इचारू म्हणलं तर मास्तर म्हणलं, "तिला आपला धरम काय कळतो?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीबी हलवली.

चार तारखेला दुपार कलताना निघालो. वीसेक माणसं. उज्वला माझ्या पदराला धरून, ल्हान पोरीगत. पान वाजत न्हाई अशी शांतता. मास्तर हळू आवाजात एकेक ठिकाण सांगायचं, सगळी गुडघं टेकायची, उठायची, पुढं. सातव्यापतुर काय वाटलं न्हाई. आठव्याला माकडं खाकरली. वरच्या झाडावरनं, खॉक खॉक. मला म्हसू एकदा म्हणला व्हता, माकड असं वरडलं की खाली बघायचं न्हाई, भवती बघायचं. पर मौन व्हतं. कुणाला सांगू?

नवव्या दगडापाशी, येशू तिसऱ्यांदा पडतो तितं, सगळी गुडघ्यावर गेली. माझं गुडघं धरल्यालं, म्हणून मी काठीवर टेकून उभी. तेवढ्यामुळंच मला दिसलं. सगळ्यांच्या मागं, वाटंच्या वरच्या अंगाला खडक हाय बघ, तुझे आजोबा ज्याच्यावर बसून तंबाखू मळायचं, त्या खडकावर ते पोट टेकून, दबून बसलं व्हतं. मातीच्या रंगाचं. शेपटीचं टोक तेवढं हलत व्हतं. आन् त्याची नजर कुटं, तर उज्वलाच्या पाठीवर. ती सगळ्यात कडंला, डोकं पार खाली टेकवून, डोळं मिटून.

ज्ञानू, माझी वाचा बसली. पळा म्हणावं तर पळणाऱ्याच्या मागं ते येणार. वाघ म्हणावं तर उज्वलाचा जीव तितंच जाणार. काय करू, काय करू, आन् तोंडातनं निघालं काय, तर, "आलेलुया!"

तेच गाणं. भांडी घासायचं. उपासाच्या काळात, क्रुसाच्या वाटंवर, मास्तरांच्या तोंडावर, माझा फाटका आवाज डोंगराला आपटून परत आला. मास्तर गुडघ्यावरच वळलं, डोळं असं वटारलेलं की मला बिबट्यापेक्षा त्यांचंच भ्याव वाटावं. मी काठीनं खडकाकडं दावलं आन् गातच ऱ्हायले. थांबले तर मरतो, एवढंच डोक्यात.

पयली उठली ती तुझी आई. मला वाटलं आता पळंल. ती न्हाई पळाली. सरळ ताठ उभी ऱ्हायली, माझा दंड असा धरला की अजून काळानिळा हाय, आन् गायला लागली. किंचाळल्यागत. आलेलुया, आलेलुया. मंग सगळी उठली, सगळी गायला लागली, पोरं दगडावर दगड हाणायला लागली. बिबट्या उठला. जांभई दिल्यागत तोंड केलं, आन् कारवीच्या झाडीत शिरला. पान हललं न्हाई.

खाली येस्तवर कुणी गाणं सोडलं न्हाई. कडवी संपली तरी परत पयल्यापास्नं. पाचव्या दगडापाशी मला धाप लागली तर मास्तरच वराडलं, "फुलाबाई, थांबू नका, दुसरं कडवं घ्या!" घरी आल्यावर राजाबाईनं मला पाणी पाजलं. उज्वला मातर दाराच्या भायेर, उंबऱ्यावर बसली. कडी न्हाई, पाटा न्हाई. म्हणाली, "आत्याबाई, माझा आवाज बसला." आन् मंग रडली, आन् मंग हसली, आन् मंग परत रडली.

आज मी फादरांपाशी कबुलीला गेले. सगळं सांगितलं, डब्यातला शब्द काढला म्हणून. जाळीच्या पलीकडनं काय आवाजच येईना. बघते तर फादर तोंडावर रुमाल धरून हसत्यात. मला दंड काय दिला ठावं हाय? ईस्टरपतुर रोज एका माणसाला हसवायचं. मी म्हणलं, "फादर, आन् भ्याव वाटलं तर?" म्हणलं, "तरीबी."

बॅग सोड. तू आलीस तर आता तीन भ्यालेल्या बाया एका घरात, करायचं काय? तितंच ऱ्हा.

तुझी आजी

*

नाशिक
११ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

पत्र मी चॅपेलच्या मागच्या पायरीवर वाचलं. शेपटीच्या टोकापर्यंत आले आणि पुढे वाचायची हिंमत होईना. पान उलटं धरून बसले. मग वाचलं. मग जेवायला गेले. मौन चालू होतं, आमटी वाढत होते, आणि मला "दुसरं कडवं घ्या" आठवलं. आजी, मी हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं. समोरची हसली, तिला कारण माहीत नव्हतं. मग अख्खं टेबल. मदर उठून आल्या. मी घाबरून उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मदरनी पळी माझ्या हातातून घेतली, स्वतः आमटी वाढली आणि म्हणाल्या, "सापडला का?" एवढंच.

बॅग सोडली आहे. पण भीती गेली नाही. शुभ शुक्रवारी तुम्ही वर जाणार, मला माहीत आहे. तू कितीही म्हणालीस तरी मास्तर थांबणार नाहीत, आणि मास्तर निघाले की तूही निघणार. तो दिवस तर वर्षातला सगळ्यात शांत दिवस. घंटासुद्धा बंद. आजी, त्या दिवशी गप्प राहू नका. आणि आई कामावर जाते का? रोज ती कुठल्या वेळी सागाच्या चढावर असेल, याच विचारानं माझा दिवस मावळतो.

तुझी ज्ञानू

*

पौड
१९ एप्रिल २०२५

लाडके ज्ञानू,

आज शनिवार. देव थडग्यात हाय, चर्च उघडं-बोडकं, आन् सांजला डबा उघडायचा हाय. तवर तुला लिहिते.

तुझी आई कामावर जायला लागली. पयल्या दिशी फाट्यावर उतरली तवा आमी सगळी ताटं घेऊन हजर, पर ती खाली उतरंना. यष्टीची दांडी धरून तशीच पायरीवर. कंडक्टर म्हणतो, "ताई, उतरताय का परत माणला जाताय?" मागनं कोण वरडलं असंल? राजाबाई. "उज्वला, उतर गं, वाघरू घरी गेलंय जेवायला!" उतरली. सागाच्या चढाला तिचा हात गार पडला व्हता, मला पदरातनं कळत व्हतं. तरी चालली. रोज भिते, रोज येते. मी तिला म्हणलं न्हाई भिऊ नको म्हणून. परवानगी हाय.

मास्तर आपणहून सृष्टीकडं गेलं. हे लिहून ठेव, कारण परत व्हणार न्हाई. म्हणलं, "ताई, घंटा बंद असती, पर घंटेच्या जागी आमच्यात लाकडाचा खटखटा वाजवायची रीत हाय. तो चालंल का?" सृष्टी म्हणाली, "लई चालंल." मंग म्हसूनं सागाच्या फळ्यांचं खटखटं करून दिलं, घराघराला एक. राजाबाई आपली घुंगरकाठी घेऊन आली. मास्तर म्हणलं, "घुंगरू म्हंजे ल्हान घंटाच की." राजाबाई म्हणाली, "मास्तर, तुमची घंटा बंद हाय, माझी न्हाई." मी त्यादिवशीचा हसवायचा दंड राजाबाईच्या जिभंवर तितंच भरला, फादर धरून सगळी हसली.

काल दुपारी निघालो. गुडघं टेकायचं न्हाई, उभं राहूनच म्हणायचं, असं फादरांनी ठरवलं व्हतं. खट खट खट, अख्खा डोंगर वाजत व्हता. तरीबी नवव्या दगडापाशी आलो आन् सगळ्यांचं हात थांबलं. खडक मोकळा व्हता. मोकळा खडकबी बघवंना. उज्वलाचा खटखटा एकटाच वाजत ऱ्हायला. तिचं ओठ पांढरं, डोळं त्या खडकावर, आन् हात वाजवतोय. मंग बाकीच्यांनी धरलं.

वर क्रुसापाशी पोचलो. तितं तरी टेकायला पायजे, शुभ शुक्रवार हाय, क्रुसाचं चुंबन घ्यायचं. फादर इकडं तिकडं बघायला लागलं. तवर म्हसू पुढं झाला. त्यानं, राजाबाईनं आन् त्यांच्या भावकीतल्या माणसांनी आमच्या भवती गोल केला, काठ्या हातात, आमच्याकडं पाठ आन् रानाकडं तोंड. कुत्री मधी मधी. म्हसू नुसतं म्हणला, "टेका काकी. आमी उभं हाय."

आमी टेकलो. माझं धरलेलं गुडघंबी टेकलं. उज्वला टेकली, पार डोकं जमिनीला लावून, त्या दिवशीसारखी. तिची पाठ थरथरत व्हती, मी बघितली. पर तिनं मागं वळून बघितलं न्हाई. तिच्या मागं म्हसूचे पाय व्हते. मला उठवायला दोघं लागली, ती गोष्ट येगळी.

आन् आज सकाळी वनखात्याची गाडी. सृष्टी आन् तिच्यासंगं दोघं जण. पिंजरा न्यायला आलं व्हतं. कोंबडी जिवंत, पयल्यापेक्षा जाड झालीया, ती राजाबाईनं घेतली. सृष्टीनं सांगितलं, त्यांच्या कॅमेऱ्यात दिसलंय, ती मादी हाय. वरच्या दगडखाणीत तिची दोन पिल्लं हायेत. ल्हान हायेत, म्हणून ती खाली उतरतीया. पिल्लं मोठी झाली की जाईल, तवर ऱ्हाणार. तिला धरायचं न्हाई, आपणच सांभाळून ऱ्हायचं. म्हंजे भ्याव काय जात न्हाई ज्ञानू, पावसाळ्यापतुर हितंच हाय. उज्वला चुलीपाशी ऐकत व्हती. म्हणाली, "दोन पिल्लं? मंग ती मला बघून दचकली असंल." आन् सृष्टीला पयल्यांदा च्या दिला.

त्यांना आता सागाच्या चढावर कॅमेरा बसवायचाय. ती मादी नेमकी कुटं बसली व्हती ती जागा बघायची हाय, आन् ती जागा एका उज्वलालाच ठावी. सृष्टी म्हणाली, "ताई, तुमी नुसतं सांगा, आमी हुडकू." उज्वलानं हात पुसलं. म्हणाली, "तुमाला एकट्यांना सापडायची न्हाई. माझ्या यष्टीच्या येळंला फाट्यावर थांबा. मी घेऊन येते तुमाला." आवाज कापत व्हता, पर बारीक नव्हता.

ती तिघं बरं म्हणाली. सोमवारी येतो म्हणून गेल्यात, एकवीस तारखेला, दिवस मावळायच्या आत.

तुझी आजी, फुलाबाई